भ्यायचं कुणाला

सिर्पी लाया, ९ मार्च

दादा,

आपल्याकडे पत्राच्या डोक्यावर लिहितात तसं 'प्रभूमध्ये सलाम' लिहिणार होते. पण मागे एकदा तू त्यावर काट मारून माझं पत्र परत पाठवलं होतंस, म्हणून नुसतं दादा.

तुझा पत्ता लिमोनहून आलेल्या एका खलाशाने दिला. तू तिथे बंदरात क्रेन चालवतोस आणि अजून एकटाच आहेस, एवढं त्याच्याकडून कळलं. मी लग्न केलंय. नोलानशी. तुझ्याबरोबर नदीवर यायचा, पाण्यात उडी मारायच्या आधी नाक धरायचा, तोच. आता तो डॉन विल्मरच्या शेवंडांच्या बोटीवर तांडेल आहे. सध्या बोट धक्क्याला बांधून ठेवली आहे आणि त्याच कारणाने तुला लिहितेय.

बेंटल्स आठवतो का? आपल्या चर्चच्या मंडळीत तो जाड आवाजात गायचा. नोलानच्या बोटीवर तो पाणबुड्या होता. जानेवारीच्या फेरीत तो खोल पाण्यातून वर आला आणि त्याचे पाय गेले. असं इथे दर वर्षी कुणाचं ना कुणाचं होतं, तुला माहीत आहे. जवळची शेवंडं कधीच संपली, आता पोरं खोल जातात, टाकीमागून टाकी हवा ओढतात आणि घाईने वर येतात. लोक म्हणतात पाण्यातल्या बाईने, लिवाने, त्याला धरलं. नोलानही तेच म्हणतो. बेंटल्स दारू पिऊन उतरला होता असंही म्हणतो.

बेंटल्सच्या बायकोने, मिरनाने, बिल्वीला जाऊन कामगार खात्यात तक्रार केली. तिचं म्हणणं, नवऱ्याचे पाय गेल्यावरही बोट लगेच परत आणली नाही, शेवंडं भरेपर्यंत समुद्रातच ठेवली. मे महिन्यात सुनावणी आहे, तोवर बोट बांधलेली. आणि पपा साक्षीला उभे राहणार म्हणतात. मिरनाच्या बाजूने.

पपांना आता नीट दिसत नाही. ते उपदेश करतात त्या चर्चचे पत्रे डॉन विल्मरनेच घालून दिलेत. गावातली अर्धी घरं त्याच्या बोटींवर जगतात. आणि तांडेल त्यांचा जावई आहे. एवढं सगळं सांगूनही ते एकच बोलतात, "मला देवाचं भय आहे." तुझ्यामाझ्या लहानपणी बोलायचे तसंच.

तू गेल्यापासून त्यांच्यासमोर तुझं नाव निघालं की ते गप्प होतात. म्हणून वाटतं, तू लिहिलंस तर ऐकतील. लिही, की म्हातारपणी घरच्या माणसाला बुडवू नका. तुला त्यांच्याशी भांडायची सवय आहे. मला नाही.

लोइडा


सिर्पी लाया, २ एप्रिल

दादा,

तुझं पत्र मिळालं. पपांना लिहिलं नाहीसच. मला मात्र लिहिलंस, की म्हाताऱ्याला त्याच्या देवासमोर उभं राहायचंय तर राहू दे, आपल्याला काय. आणि खाली लिहिलंस: 'त्यांनी मला त्यांचीच भीती शिकवली. देव मी कधी पाहिला नाही, पेरूची छडी पाहिली. कुत्रंही असंच भितं.'

हे वाचून मी पत्र घडी करून ठेवलं आणि कपडे धुवायला गेले. परत येऊन पुन्हा वाचलं. मला काही खोडता आलं नाही. छडीचा आवाज मीही ऐकलाय, फक्त माझ्या पाठीवर कमी वेळा पडली.

तू विचारलंस, रेडिओचं काय प्रकरण आहे, तुला खलाशाने काहीतरी अर्धवट सांगितलं. मागच्या पत्रात मी ते गाळलं होतं. ऐक.

पाळकांच्या घरात, म्हणजे आपल्याच घरात, गावाचा एकमेव रेडिओसंच आहे. वादळ आलं, कुणी आजारी पडलं, तर पपा बिल्वीला कळवतात. बोटीही त्याच लहरीवर बोलतात. त्या दिवशी सकाळी पपा हवामान ऐकत बसले होते आणि मध्येच नोलानचा आवाज आला. तो डॉन विल्मरशी बोलत होता. म्हणाला, "एकाचे पाय गेलेत. बेंटल्सचे. वळवू का बोट?" विल्मर म्हणाला, "पेट्या किती भरल्यात?" नोलान म्हणाला, "निम्म्याही नाहीत." विल्मर म्हणाला, "मग डिझेल काय तुझा सासरा देणार? भरून ये. त्याला सावलीत झोपव." आणि नोलान म्हणाला, "बरं."

एवढंच. मग खरखर.

बेंटल्स त्यानंतर दोन दिवस डेकवर पडून होता. दवाखान्यात हवेच्या दाबाची खोली असते, तिथे लवकर नेलं तर पाय परत येतात, सगळ्यांना माहीत आहे. नोलानलाही.

आता पपांबद्दल. गेल्या आठवड्यात ते काठी टेकत आमच्या घरी आले. मी वाबुल केलं होतं, उकडलेली केळी घोटून, नारळ जास्त घालून, त्यांना आवडतं तसं. त्यांनी खाल्लं, वाडगा पुसून घेतला आणि मग नोलानला म्हणाले, "मी तुझ्याविरुद्ध बोलणार आहे. मागून कळण्यापेक्षा माझ्याच तोंडून कळावं म्हणून आलो."

नोलान म्हणाला, "वा. जेवून मग सांगताय."

"उपाशी सांगितलं असतं तर तुझं वाबुल वाचलं असतं, बाकी काही बदललं नसतं."

"पपा, मी बोट वळवली असती तर विल्मरने दुसरा तांडेल ठेवला असता. मग तुमच्या मुलीने काय खाल्लं असतं, तुमची प्रवचनं?"

"वाईट दिवस आले असते," पपा म्हणाले. "मला ते कळतं."

"मग?"

"मग काही नाही. मी ऐकलंय. ऐकलं नाही असं कसं म्हणू?"

नोलान उठून बाहेर गेला. जाताना म्हणाला, "बेंटल्सला लिवाने धरलं हे अख्खं गाव म्हणतंय. तुम्हीच एकटे शहाणे."

पपा त्याच्या पाठीकडे तोंड करून बोलले, की माणसाने केलेलं पाण्यातल्या बाईच्या नावावर खपवू नका. पण तोपर्यंत तो लांब गेला होता. मला वाटतं ते भिंतीशीच बोलले.

विल्मरही येऊन गेला. चांगला बोलला. मंडळीला नवी घंटा देतो म्हणाला. पपा म्हणाले, "जुनी वाजते अजून."

आता राहिलेलं. त्या सकाळी रेडिओ सुरू होता तेव्हा मी पपांचा स्वयंपाक करायला आले होते, पलीकडे स्वयंपाकघरात होते. मधे बांबूचीच भिंत आहे. शब्द न् शब्द मी ऐकला. पपांना ते माहीत आहे. त्यांनी मला काही विचारलं नाही, मीही काही बोलले नाही. नोलानला माहीत नाही.

मी काय करू?

लोइडा


सिर्पी लाया, २१ मे

दादा,

तुझं पत्र सुनावणीच्या आधी मिळालं. तू लिहिलंस तसं वाक्य मी पाठ केलं होतं: 'मी भांडी घासत होते, नीट ऐकू आलं नाही.' तू म्हणालास यात खोटं फारसं नाहीच, भांडी तर घासतच होते. कपडे वाळत घालताना, कसावा किसताना मी ते मनात म्हणत होते. उपासनेतसुद्धा.

निघायच्या आदल्या दिवशी मी पपांकडे गेले. ते अंगणात बसून नीरफणस सोलत होते, हाताच्या अंदाजाने. मी सरळ विचारलं, "माझं नाव घेणार तुम्ही?"

"विचारलं तर घेईन. न विचारता नाही."

"मी तुमची मुलगी आहे."

"हो."

"मला काय वाटेल याची भीती नाही वाटत?"

त्यांनी सुरी खाली ठेवली. "वाटते. विल्मरची वाटते. नोलानची वाटते, तो तापट आहे. मंडळी उठून जाईल याची वाटते. तुझी सगळ्यांत जास्त. एवढ्या सगळ्यांना भिऊन मला दोन पावलं टाकता येईनात, लोइडा. म्हणून म्हटलं, एकालाच भ्यावं."

"आणि तो एक काय करणार? नरकात टाकणार?"

पूर्वी असं विचारलं असतं तर तोंडावर थप्पड पडली असती. ते म्हणाले, "ते मी फार सांगत आलो खरा." मग फणस हातात घेतला आणि पुन्हा सोलायला लागले.  

बिल्वीला आम्ही तिघं एकाच मोटरहोडीतून गेलो. दुसरी होडी नव्हती. नोलान पुढे, पपा मागे, मी मध्ये. नोलानने निळा शर्ट घातला होता, मी इस्त्री केलेला.

खोली साधी होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक पंखा, भिंतीवर देशाचा झेंडा. निरीक्षक बाई राजधानीकडची, तरुण, आपली भाषा येत नव्हती, म्हणून दुभाषा होता. बायबलवर हात ठेवणं वगैरे काही नाही. फक्त खरं बोलाल ना, असं विचारलं. बेंटल्सला चौघांनी खुर्चीसकट उचलून आणलं होतं. तो खूप वाळलाय. मांडीवर टोपी ठेवून बसला होता आणि कुणाकडेच बघत नव्हता. मिरना त्याला वारा घालत होती.

नोलानने सांगितलं, बेंटल्स प्यायलेला होता, त्रास होतोय हे त्याने लपवलं, कळल्यावर आम्ही लगेच निघालो. विल्मरच्या वकिलाने मान डोलावली.

पपांनी रेडिओवरचं सगळं सांगितलं, जसंच्या तसं. वकील म्हणाला, "तुम्हाला दिसत नाही म्हणे."

"ऐकायला डोळे लागत नाहीत," पपा म्हणाले, आणि मागे कुणीतरी हसलं.

"तुमच्याशिवाय आणखी कुणी ऐकलं?"

 मला वाटलं, पपा आता 'नाही' म्हणतील. त्यांनी माझ्या बाजूला तोंड केलं, पण मी कुठे बसलेय ते त्यांना दिसत नव्हतं, त्यामुळे ते माझ्या शेजारच्या खांबाकडे बघत होते. म्हणाले, "माझी मुलगी घरात होती. या तांडेलाची बायको."

नोलानने वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. त्याला ते ठाऊकच नव्हतं, म्हणून नुसतं पाहिलं.

बाईंनी मला पुढे बसवलं. विचारलं, तुम्ही काय ऐकलंत. मी म्हटलं, "मी भांडी घासत होते." दुभाष्याने सांगितलं, बाईंनी लिहून घेतलं. नीट ऐकू आलं नाही हे मी म्हणायच्या आधीच त्यांनी मान हलवली. त्यांना वाटलं झालं माझं. त्या पान उलटायला लागल्या.

दादा, मी तिथून उठले असते तर कुणी काही म्हणालं नसतं. मी खोटंही बोलले नव्हते अजून. पपांनी मला अडवलं नसतं. नोलान सुटला असता. आणि तू म्हणतोस ती भीती, पपांची, आगीची, ती माझ्या मनातही आली नाही. खरंच नाही आली.

मला सकाळ आठवली. आई गेल्यापासून चूल पेटवताना मी देवाशी बोलते. मोठं काही नाही. लाकडं ओली आहेत, नोलानला खोकला झालाय, असलंच. त्या वेळी घरात कुणी उठलेलं नसतं आणि कुणीतरी ऐकतंय असं मला रोज वाटतं. त्या खुर्चीत बसून मला एवढंच कळलं, की उद्या सकाळी मी चुलीपुढे बसेन आणि माझ्याकडे बोलायला काही नसेल. तो मारणार नाही, रागावणारही नाही. तो असेल आणि मीच तोंड फिरवून बसेन. त्याची मला भीती वाटली. नोलान सोडून जाईल याची भीतीही होती, पण ती हिच्यापुढे लहान वाटली. बस, एवढंच झालं.

मी म्हटलं, "पण ऐकू आलं."

मग सगळं सांगितलं. पेट्यांचं, डिझेलचं, सावलीत झोपव म्हणाला ते. आणि नोलान 'बरं' म्हणाला तेही. तो शब्द सांगताना बेंटल्सने पहिल्यांदा मान वर केली.

बाईंनी नोलानला विचारलं, यावर काय म्हणणं आहे. तो म्हणाला, "रेडिओत खरखर असते." दुभाष्याने ते सांगितलं तेव्हा नोलान जमिनीकडे बघत होता.

परत येताना तो होडीत आमच्याबरोबर बसला नाही, बिल्वीतच राहिला. दुसऱ्या दिवशी आला आणि कपडे घेऊन आईकडे गेला. मला एक शब्द बोलला नाही. त्याच्या आईने मात्र विहिरीवर सगळ्यांसमोर ऐकवलं, "पाळकाच्या पोरीने नवरा विकला आणि स्वर्गातली खुर्ची घेतली."

सकाळी चूल पेटवली. म्हटलं, आता बघ काय ते. दुसरं काही सुचलं नाही.

लोइडा


सिर्पी लाया, ३० ऑगस्ट

दादा,

इतके दिवस लिहिलं नाही कारण सांगण्यासारखं बरं काही नव्हतं. विल्मरने आपल्या गावची माणसं बोटींवर घ्यायची बंद केली. दोन्ही बोटींवर आता दुसऱ्या गावची पोरं आहेत. लोक आम्हाला शिव्या देत नाहीत, शेजारी बसत नाहीत एवढंच. रविवारी उपासनेला निम्म्याहून जास्त बाकं रिकामी असतात. पपा रिकाम्या बाकांनाही तेवढ्याच मोठ्याने शिकवतात. मला वाटतं त्यांना दिसत नाही हे त्या बाबतीत बरंच आहे. पण त्यांना कळतं. गाणं बारीक झालंय ते ऐकू येतंच.

निकाल लागला. बेंटल्सच्या उपचारांचा आणि घरखर्चाचा भार विल्मरवर टाकला. विल्मर वर दाद मागणार म्हणतोय, तरी औषधं सुरू झाली आहेत. बिल्वीच्या दवाखान्यात त्याला त्या दाबाच्या खोलीत ठेवलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय. तो काठ्यांवर उभा राहतो, पण चालत नाही. नोलानचा तांडेलीचा परवाना काढून घेतला.

तुझी पत्रं मी पपांना वाचून दाखवली. तू चिडशील. छडीचं आणि कुत्र्याचं ते वाक्य वगळावं असं वाटलं होतं, पण वाचलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "खरं आहे ते. मला वाटायचं, आधी माझी भीती बसली की पुढे देवाची आपोआप बसेल. पण तो पुढे गेलाच नाही, तिथूनच पळाला. त्याला लिही, तू बरोबर पळालास." मी विचारलं, एवढंच लिहू? म्हणाले, "आणि लिही की क्रेनवर चढताना पट्टा बांधत जा." ते मी लिहिलं. पुढचं तुम्ही दोघं बघा, मी मध्ये पडत नाही.

आता नोलानचं.

जुलैत एकदा तो दाराशी आला. आत आला नाही. मी म्हटलं, "वाबुल आहे." तो म्हणाला, "दे." उभ्यानेच खाल्लं. खाताना म्हणाला, "मी विल्मरला भ्यालो."

"माहीत आहे."

"लिवाबिवा काही नाही. बेंटल्स डेकवर मला हाका मारत होता. मी इंजिनाच्या आवाजात उभा राहायचो, म्हणजे ऐकू यायला नको."

मी त्याच्या वाडग्यात आणखी वाबुल ओतलं. 

"मला वाटलं होतं, खोटं बोलल्यावर माझं काहीतरी होईल," तो म्हणाला. "बोट बुडेल, हातपाय जातील. तुझ्या बापाने लहानपणी तेच भरवलंय डोक्यात. काहीच झालं नाही. जेवतोय, झोपतोय. तेच आता मला बरं वाटेना." वाडगा उंबऱ्यावर ठेवून तो गेला.

त्यानंतर तो बिल्वीला जाऊन आला. कुणी बोलावलं नव्हतं. त्या निरीक्षक बाईंसमोर बसून त्याने सगळं सांगितलं, पेट्यांचं, इंजिनाचंही. बाई म्हणाल्या, निकाल तर लागलाय, आता याचा काय उपयोग. तो म्हणाला, मला माहीत नाही, लिहून घ्या. हे मला दुभाष्याच्या बहिणीकडून कळलं. विल्मरची दाद त्यामुळे टिकणार नाही असं लोक म्हणतात. विल्मरच्या माणसांनी त्याला धक्क्यावर मारलं, एक दात गेला.

मग तो रोज सकाळी बेंटल्सच्या घरी जायला लागला. पहिल्या दिवशी मिरनाने त्याच्या अंगावर कपडे धुतलेलं पाणी फेकलं. तो पिंप उचलून विहिरीवर गेला, भरून आणलं, ठेवलं आणि परत आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. बेंटल्स दारात खुर्चीवर बसलेला असायचा, त्याच्याशी बोलायचा नाही, त्याच्याकडे बघायचाही नाही. मिरनाने पाणी फेकायचं सोडलं, पण पिंप मात्र रोज ओतून रिकामं करून ठेवायची, त्याला नव्याने भरायला लागावं म्हणून. मी त्याला विचारलं, माफी मागितलीस का. म्हणाला, "मागवत नाही अजून. पाणी भरवतं."

आज संध्याकाळी तो आला आणि आत येऊन बसला. मी विचारलं नाही, त्याने आपणहून सांगितलं. बेंटल्स आज बोलला. पिंप ठेवून नोलान निघाला होता, तेवढ्यात मागून म्हणाला, "उद्या जरा लवकर ये. ऊन चढायच्या आधी मला नदीवर जायचंय. मिरनाला मी उचलवत नाही."

"मग तू काय म्हणालास?" मी विचारलं.

"बरं म्हणालो," नोलान म्हणाला, आणि त्याचं तोंड वाकडं झालं. 

आता तो इथेच झोपलाय. उजाडायच्या आत उठव म्हणालाय. म्हणून हे पत्र इथेच थांबवते, चूल त्याच्या आधी पेटवायला हवी.

लोइडा